तेराचा वाकडा

सहा नटांपैकी पाच कुणीही आवळील.
सहावा पंपाच्या पाठीमागे,
एग्झॉस्टचा पाइप आणि बोटीची बरगडी
यांच्या मधल्या दोन बोटं फटीत.
डोळा तिथे पोचत नाही.
बोटाचं टोक पोचतं, पण त्याला जोर नाही;
पान्याला जोर आहे, पण फिरायला जागा नाही.

मालिमचा धक्का, जुलैची अठ्ठावीस.
चार दिवसांनी बंदी उठणार.
इनास वर फळीवर बसून
घटकेघटकेला विचारतो, "जालें?"
आणि सगुणमाम खाली इंजिनाच्या कुशीत
घटकेघटकेला काहीच बोलत नाही.

मी वहीत मापं लिहिते.
पॉलिटेक्निकात शिकवलं होतं :
षटकोनी नट साठ अंश फिरला की पुढचा पैलू हाती येतो.
पान्याचं तोंड पंधरा अंश तिरकं असतं,
उलटा करून पुन्हा लावला की तिसातच भागतं.
हे कुणाला तरी सुचलं असणार
असंच कुठेतरी कोपर अडकलेलं असताना.
त्या कोपराबद्दल मला फार आदर आहे.
पण इथे तीसही नाहीत. बारा आहेत.
रॅचेटला पाच पुरतात, पण त्याचं डोकं जाड.

ज्यानं हे इंजिन आखलं
त्याच्या कागदावर चारी बाजूंनी मोकळी हवा असणार.

"वही ठेव," सगुणमाम म्हणाला. "तार आण."
कुशीवर निजून, डोळे मिटून,
तोंड बोटीच्या भिंतीकडे,
कुणी हळू आवाजात काही सांगतंय आणि ते ऐकायचंय अशा बेतानं
त्यानं ती तार पंपाखालून आत सरकवली.
बाहेर काढली तेव्हा तिच्यात सगळी वाट होती :
खाली, डावीकडे, बरगडीला वळसा,
आणि शेवटी मान उचलून वर बघणं.

बेतीच्या खोपटात जुना तेराचा रिंगपाना
पिकल्या रतांब्याच्या रंगाला येईतो तापवला,
तार शेजारी ठेवून मुरडला. दोनदा चुकला.
रिंगची भिंत कानशीनं इतकी पातळ केली
की मला भीती वाटली.
"भ्यायचंच," तो म्हणाला,
"न भिता घासलेला मोडतो."
मग तेलात बुडवला. पाणी पाजलं नाही.
फार ताठ होतं म्हणे पोलाद.

संध्याकाळी पुन्हा बोटीत.
रिंगमध्ये ग्रीस, ग्रीसवर पेपराचा कपटा,
त्यात नट दाबून बसवलेला, पडू नये म्हणून.
आणि सगुणमामचा हात आत जाईना.
तारेपुरता गेला होता; पान्यासकट मनगट अडलं.
तो हाताकडे थोडा वेळ बघत राहिला,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
"तू घाल."

आधी गारवा लागला, मग आटे.
पहिले फेरे बोटांनीच,
मग पाना : तीस अंश. काढ. लाव. तीस अंश.
पंपाखाली मूठ फिरायला जागा होती,
वाकवलेला दांडा जोर तिथून वर नेत होता.
वरून आवाज आला, "जालें?"
मी बोलले नाही. मोजत होते. एकोणीस.

खोपटाच्या भिंतीवर असे चाळीसेक वाकडे आहेत.
प्रत्येक एकेका नटाचा.
"हा कुणाचा?"
"बार्जीचा. भंगारात गेली."
"मग हा कशाला?"
त्यानं उत्तर दिलं नाही. तेलाचं फडकं फिरवून
तो परत खिळ्याला लावला.

रात्री आमचा पाना वहीत काढायला बसले.
समोरून काढला तर वळसा दिसेना,
बाजूनं काढला तर मान दिसेना.
शेवटी ती तारच पानावर उभी धरली,
दिवा जवळ ओढला,
आणि पडलेली सावली पेन्सिलनं गिरवू लागले.
हात हलला की वाट बदलत होती.