झडीतली बंदूक

नन्नावरे साहेब आले तेव्हा झडीचा सहावा दिवस.
जीप तळोधीच्या रस्त्यावर रुतलेली,
मंजुरीचा कागद खताच्या पिशवीत गुंडाळून छातीशी.
"पावसात दगा देणार नाही अशी एक रायफल निवडून द्या.
उष्टूजी कुठं आहेत?"

बाबा खाटेवर होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
पाटीवर अजून त्यांचंच नाव:
उष्टूजी चंदनखेडे, बंदूक दुरुस्ती, परवानाधारक.
हात आता माझे.

टेबलावर तीन ठेवल्या.
एकीचा दस्ता अक्रोडाचा,
बाबांनी तीस वर्षं जवसाचं तेल चोळून
त्याच्या रेषा उगवून आणलेल्या.
दुसरी तशीच, पण नळी निळी,
बोटाचा घाम लागला तरी दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपका.
तिसरी काळ्या प्लास्टिकची, स्टेनलेस नळीची,
दिसायला पाण्याच्या टाकीच्या झाकणासारखी.

साहेबांचा हात अक्रोडाकडेच गेला.
सगळ्यांचा जातो.

"आज राहा," म्हटलं. "रात्रभर तिघींना वळचणीला ठेवू."

संध्याकाळी दुर्बिणी काढून
उकळत्या भाताच्या गंजावर धरल्या.
आमच्याकडे गंज म्हणजे भाताचं भांडं,
आणि लोखंडाला धरतो तोही गंजच.
दोन काचा आतून धुरकटल्या.
तिसरीतून चुलीमागची भिंत दिसत राहिली,
भिंतीवरची पाल, पालीचं पोट.

सकाळी बोडीच्या पाळीवर
डालड्याचा डबा, शंभर पावलं.
काळीची गोळी डब्यात.
निळीचा बोल्ट कुरकुरला, पण लागली.
अक्रोडाची चार बोटं डावीकडे, चिखलात.
परत झाडली. परत चार बोटं डावीकडे.
लाकूड रात्रभर प्यायलेलं, फुगून नळीला रेटत होतं.

साहेब डब्याकडे पाहत उभे राहिले.
मग सांगितलं, पावसाकडे तोंड करून:
मागच्या भादव्यात असाच दस्ता होता.
बयना मडावीला बांधीच्या धुऱ्यावरून उचलणारी वाघीण,
वरून आलेला हुकूम, सरळ समोर उभी,
आणि गोळी चार बोटं डावीकडे.
तीन दिवस ती बांबूत पाय ओढत फिरली,
तीन दिवस गेडाम तिच्या मागे.
सापडली तेव्हा तोंड बोडीच्या पाण्यात होतं.

चार बोटांत तीन दिवस मावतात
हे मला लोहाराच्या घरात जन्मूनही माहीत नव्हतं.

काळी बाबांच्या हातात दिली.
त्यांनी नाकाजवळ नेली.
"हिले वासच नाई," म्हणाले.
"लाकूड पानी पेते, मनून मानूस त्याले जपते.
हे कोनाले काही मागनार नाई."
मी म्हटलं, "बाबा, मागू नये म्हणूनच तर."
ते भिंतीकडे वळले.

साहेबांना एवढंच सांगितलं:
स्टेनलेस गंजत नाही हे खोटं, उशिरा गंजते.
घरी आल्यावर चुलीपाशी टेकवू नका, वारा लागू द्या.
तेल पातळ, अगदी थोडं.
आणि नळीच्या तोंडावर हा फुगा चढवा.
गोळी त्यातून जाते, पाणी जात नाही.
तान्ह्या पोळ्याचे उरले होते,
लाल निघाला.

सरकारी मोहोर लागलेल्या रायफलीवर लाल फुगा!
साहेब त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

कार्तिकात, धान कापणीला आलं तेव्हा,
बंदूक सफाईला परत आली.
गेडाम घेऊन आला होता, सायकलवर.
फुगा तसाच होता, फुटलेला नव्हता,
नुसता सुरकुतलेला, आजारी माणसाच्या ओठासारखा.
मी काही विचारलं नाही.
त्यानं चहा घेतला, बशीत ओतून, दोन वेळा.
फुगा काढून नळीतून पाहिलं:
पलीकडे अंगणाचा गोल तुकडा,
त्यात आमची कोंबडी दाणे वेचत.

अक्रोडाची घेतली नाही कुणी.
भिंतीवर आहे. बाबा आंधळ्या हातानं
अजून जवसाचं तेल लावतात तिला.
माघात लाकूड आपल्या मापात परत येतं.
तेव्हा मी स्क्रू अर्धा आटा कसते
आणि त्यांना सांगत नाही.