एकेचाळिसावी नोंद

चोडणच्या धक्क्यावरून सहाची फेरीबोट सुटते
तेव्हा माझ्या मांडीवर प्रकरण चौथं असतं,
त्यावर डब्याची पिशवी, आणि तिचा तेलकट गोल
नेमका 'निष्कर्ष' या शब्दावर.
पाटी सांभाळत इस्पेरांसा विचारते,
बाई, अजून शाळा?
अजून, म्हणते मी.
त्रेचाळीस संपली. मुलगा बारावीला.
रात्री एकाच टेबलाशी बसून
आम्ही एकमेकांचे हायलाइटर चोरतो.

बांबोळीला बावीस वर्षं झाली.
पीएच.डी. झाली की तुम्हीपण डॉक्टर म्हणे,
नवा रेसिडेंट हसतो,
मग आम्ही हाक काय मारायची?
सातवरची सलाईन संपत आली आहे, सांगते मी,
आधी तिकडची हाक ऐका.

विषय माझा साधा आहे.
एक पाळी जाते, दुसरी येते,
मधल्या दहाबारा मिनिटांत
काय सांगायचं राहून जातं.
दोनशे सहा वेळा कोपऱ्यात उभी राहून ऐकलं.
नाडी सांगितली जाते. साखर, ताप, लघवी,
कुठली सुई कुठल्या हातात.
माणूस क्वचित.
मग जुनी रजिस्टरं काढली, धूळ झटकून,
रात्री पलंगावरून पडलेल्यांची:
दहा वर्षांत त्रेसष्ट.

त्यातली एकेचाळिसावी माझी.

पलंग अकरा. इनास कुतिन्हो, वय अठ्ठ्याहत्तर.
माझ्याच बेटावरचा. जन्मभर खाजनाची मानस राखली त्याने,
ओहोटी लागली की दार उघडायचं, जाळं लावायचं,
झोप पाण्याच्या घड्याळावर.
संध्याकाळी माझा हात धरून म्हणाला,
आज तीनला सुकती आहे गो, मला उठव.
मी हसले. उठवते म्हटलं.
आणि आठ वाजता रात्रपाळीला सांगितलं:
रक्तदाब एकशे तीस, ऐंशी. जेवला. शांत आहे.

तीन वाजून दहा मिनिटांनी तो उठला.
खुब्याचं हाड. नंतर न्यूमोनिया.
रजिस्टरात एकच ओळ, कारण: 'रुग्ण गोंधळलेला'.
गोंधळला नव्हता तो.
भरती-ओहोटीचं कोष्टक मी नंतर पाहिलं,
त्याची वेळ बरोबर होती.

गाइड बेळगावच्या, कडक, न्यायी.
माझ्या मसुद्यात पेन्सिलीने लिहिलं:
'मानस म्हणजे मन ना? भावनिक भाषा टाळा.'
मी समासात दार काढून दाखवलं,
लाकडाचं, दोन फळ्यांचं, खाली पाणी.
मग त्या फोनवर थोडा वेळ गप्प.
म्हणाल्या, संशोधक स्वतः घटनेत असेल
तर नोंद वगळता येते. नियमात बसतं.
बासष्टनेही काही बिघडत नाही.

खरंच बिघडत नव्हतं.
मी दोन्ही गणितं करून पाहिली,
दशांशचिन्हानंतर तिसऱ्या घरात फरक.
त्या तिसऱ्या घरात मी आठवडाभर राहिले.

त्रेसष्टच ठेवले.
तळटीप लिहिली: सदर पाळीची प्रभारी परिचारिका
प्रस्तुत संशोधक होती.
'सदर' आणि 'प्रस्तुत' यांच्या आड
किती जागा असते उभं राहायला.

आता आमच्या वॉर्डात हस्तांतराच्या कागदाला
खाली एक रिकामी चौकट आहे:
रात्री हे काय करायला उठतील?
मेट्रन म्हणाल्या, कागद वाढतो.
अधीक्षक म्हणाले, पुरावा काय.
म्हटलं, तोच गोळा करते आहे.
निम्म्या जणी तिथे रेघ ओढतात. ओढू देत.
काल मात्र वेलेंसियाचं वेडंवाकडं अक्षर:
'पलंग नऊ. दोनला गाईला पाणी दाखवायला जातात.
बादली उशाशी ठेवली आहे. गाय तांबू.'

मौखिक परीक्षा गुरुवारी.
बाहेरचे परीक्षक विचारतील,
या निष्कर्षाचं सामान्यीकरण कितपत होईल?
उत्तर अजून पाठ नाही.
त्या दिवशीची ओहोटी कितीला आहे
तेवढं पाहून ठेवलंय.