डेपो रिकामा करताना

ओतारूच्या बस डेपोत माझी खुर्ची
दोन कपाटांच्या मधे.
डावीकडून तोगाशी-सान म्हणतात,
"हल्लीच्या पोरांना घाम येत नाही, नोटिफिकेशन येतं."
उजवीकडून इत्सुकी काहीच म्हणत नाही.
कानातलं एक बोंड काढतो, पुसतो, परत घालतो.
मग चहाच्या मशीनपाशी मला हळूच:
"कीड लागलीय हो त्यांना, म्हातारपणाची."

दोघांच्या रजा मीच लिहिते.
तोगाशी-सानच्या नावावर चाळीस वर्षांत अकरा,
त्यातल्या तीन आईच्या मयताच्या.
इत्सुकीची परवा आली: मांजराचं ऑपरेशन.
मी सही केली. तोगाशी-साननी वाचलं.
दिवसभर ते मांजर डेपोत फिरत होतं.

पेपरवाले याच्या वयाला 'आत्मज्ञानी' म्हणतात.
गाडी नको, घर नको, बढती नको,
संध्याकाळी साहेबांबरोबर बसणं तर नकोच नको.
"बुद्ध झालाय, बुद्ध," तोगाशी-सान म्हणतात,
"त्या बुद्धाला सांगा, सात नंबरच्या चाकांना साखळ्या लाव."
तो लावतो. व्हिडिओ बघून लावतो.
हे मागे उभे, हातमोज्यांशिवाय,
चूक हुडकत.
सापडत नाही तेव्हा जास्त चिडतात.

फेब्रुवारीत डेपो हलवायचं ठरलं.
कपाटं उपसताना तिसऱ्या खणात
कंपनीचं वार्तापत्र, १९८५ सालचं,
मुखपृष्ठावर एक वाळलेली माशी.
इत्सुकी मोठ्यानं वाचू लागला, व्यवस्थापकांचं मनोगत:
"यंदा भरती झालेली मुलं म्हणजे नवीच प्रजाती.
पाच वाजले की घरी.
प्यायला बोलावलं तर विचारतात, हे ड्यूटीत धरणार का?
एकानं तर सुट्टी मागितली, स्की शिकायला.
कसं व्हायचं या देशाचं?"
तो हसत सुटला. "हे तर माझ्यावरच लिहिलंय!
कोण हो हा स्कीवाला?"

स्टोव्हवर किटली खदखदत होती.
तोगाशी-साननी टोपी काढली,
आत काही लिहिलं असावं तसं तिच्यात बघितलं,
परत घातली.
"चार दिवस मागितले होते," म्हणाले.
"दोन मिळाले."

यानंतर मिठ्याबिठ्या काही नाहीत.
दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बुद्ध म्हणाले,
यानं पुन्हा कानात बोंड घातलं.
फक्त जेवताना विचारलं, "मग? आली का स्की?"
आणि ते अर्धा तास बोलत राहिले,
डाव्या गुडघ्याबद्दल, उतारावरच्या एका पिवळ्या जाकिटाबद्दल.
जाकीट कुणाचं, ते सांगितलं नाही.

मग त्याला मी दिसले.
"आणि तुम्हाला काय म्हणायचे?"
हिमयुग, मी म्हटलं.
आम्ही पदव्या घेऊन निघालो तेव्हा दारंच गोठली होती.
त्रेसष्ट अर्ज केले, हातानं लिहून;
एक अक्षर चुकलं की नवा कागद, पहिल्यापासून.
एकसष्ट ठिकाणांहून उत्तर आलं:
आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.
दोघांनी तेवढीही तसदी घेतली नाही.
ही खुर्ची सहा महिन्यांसाठी होती.
दर सहा महिन्यांनी, सहा महिन्यांसाठी,
असं करत केस पांढरे झाले.

"वाईट वाटायचं?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
समोर बसून तोगाशी-साननीही नाही.
आणि माझ्या जिभेवर काय यावं?
'तुम्हा मुलांना काय कळणार' –
ओठांपर्यंत आलं होतं.
फोन वाजला, म्हणून वाचले.

सात नंबर चढावर रुतलेली.
एकानं फावडं घेतलं, एकानं साखळ्या.
दार उघडताना कोण आधी, यावर क्षणभर घोटाळले.
थंडीचा एक लोट आत आला, किटलीची वाफ वाकली.

मी फळ्यावर लिहिलं:
सात नंबर, अठरा मिनिटं उशीर.
कारणाच्या रकान्यात:
बर्फ.