अंगावरचं

संध्याकाळची बोट तासभर उशिरा, वाऱ्यामुळे.
नागासाकीच्या धक्क्यावर मी आणि तात्सुजी,
मध्ये रिपोर्टांची पिशवी
आणि दोन उकडलेली रताळी,
अजून कुणी न सोललेली.

डॉक्टर उमेबायाशी तरुण आहेत, लाजतात अजून.
पडद्यावर माझ्या पेशी दाखवत म्हणाले,
"यांना आम्ही... फूलपेशी म्हणतो,"
आणि घाईनं चष्मा पुसायला लागले,
जसा काही तो शब्दही पुसता येईल.
खरंच पाकळ्या होत्या. कुठे पाच, कुठे सहा.
लिम्फोमा ते त्यानंतर म्हणाले.

विषाणू मला नवा नाही.
कोहारू पोटात होती तेव्हा
बेटावरच्या दवाखान्यात रक्त काढलं
आणि मोरितानीबाईंनी दार लावून घेतलं.
आईकडून आलाय, म्हणाल्या, दुधातून.
शंभरातल्या चार-पाचांना पुढे कधीतरी,
म्हातारपणाच्या आसपास, काही होतं.
बाकीच्या आपापल्या मरणानं मरतात.
बाळाला अंगावर पाजू नका, एवढंच.

छातीला पट्टे बांधून मी पान्हा जिरवला.
दहा दिवस. अकराव्या रात्रीही
कुणाचं तरी मूल रडलं गल्लीत
आणि अंगरखा ओला झाला.
आई दारात उभी राहून म्हणाली,
"मांजरसुद्धा पाजते पिलाला.
साय माझी आणि दूध डब्याचं!"
मी डबा उघडला.
पावडर मोजली, पाणी मोजलं,
तिचं बोलणं मोजलं नाही.
सांगणार काय होते?
की माकुळं वाळत घालता घालता
दोरीखाली उभ्यानं तू मला पाजलंस,
तीन वर्षं, शेजारणी हसेपर्यंत,
आणि त्यातच.

कोहारू ओसाकात आहे. तिचं रक्त कोरं.
हे एक.

तात्सुजीच्या वेळी आईला गळू झालं, थान पिकलं.
तो शेजारच्या बकरीवर वाढला
आणि जन्मभर त्यानं ते मला ऐकवलं,
भांडणात, स्वतःच्या लग्नात,
बाबांच्या राखेपाशी पिऊन बसला तेव्हासुद्धा:
"तुला आई मिळाली, मला बकरी."
गेल्या महिन्यात त्याचंही तपासलं.
कोरं.
मज्जा जुळते का तेही बघताहेत, माझं वय जास्त असलं तरी.
तेव्हापासून तो भांडत नाही माझ्याशी.
करमत नाही मला.

"सोल ना एक," मी म्हणते.
तो दोन्ही सोलतो
आणि मोठं माझ्या हातात ठेवतो.

घरी आईनं बांगडे भाजून ठेवले होते.
अठ्ठ्याऐंशीची आहे. भात अजून तीच लावते.
"काय म्हणाले?"
"गाठी आहेत. औषध देतील."
"कशानं होतं ते?"
"कशानंही होतं, आई."
ती तात्सुजीकडे बघत राहिली.
"मला काळजी याची वाटायची. बकरीच्या दुधाचा."
त्याचं तोंड उघडलं.
मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला, जोरात.
त्यानं भाताचा घास कोंबला.

"तू मात्र माझ्या अंगावर वाढलीस,"
आई म्हणाली, "हाडं भक्कम तुझी,"
आणि दाखवायला माझं मनगट धरलं.
तिची बोटं मनगटाला वळसा घालून
एकमेकांवर चढली, वर जागा उरली.

ती काही बोलली नाही. सोडलंही नाही.
दुसऱ्या हातानं बांगड्याचे काटे काढत
मऊ मऊ तुकडे
माझ्या वाटीत टाकत राहिली.