चिकटपट्टी

वैजूची बदली गडहिंग्लजला झाली
आणि दहाव्या दिवशी मला दिसलं
की आमच्या बाथरूमला भिंती आहेत.

भिंतींवर ठिपके.
ठिपका म्हणावं तर उडतो,
माशी म्हणावं तर पंख केसाळ, पिंपळपानासारखे,
बोट लावलं की नुसती राखाडी भुकटी.
फोटो पाठवला. तिचं उत्तर:
"मोरीतली माशी. चावत नाही. तुझ्यासारखीच,
बसली की हलत नाही."

मग एकेकाची ओळख करून घेऊ लागलो,
नव्या बिऱ्हाडकरूनं गल्लीची घ्यावी तशी.
आरशामागं चंदेरी पळाली ती कसर,
शाम्पूचं लेबल कडेकडेनं कुरतडलेलं.
बादलीखाली अंग गुंडाळून पैसा,
महिनाअखेरीलाही तिथंच.
गोम फोटोपुरतीही थांबली नाही;
ती गेल्यावर दोन मिनिटांनी मी ओरडलो.

झुरळासाठी फोन लागला नाही.

अस्लम मुजावर आला, खांद्यावर पाना.
मी स्प्रेचा डबा दाखवला तर हसला.
"औषध मारून काय हुतंय ओ?
ह्या वर उडत्यात, पोरंबाळं खाली हाईत.
रातच्याला जाळीवर चिकटपट्टी लावा,
चिकट अंग खाली.
सकाळी कळतंय कोण कुठलं ते."

बेसिनवरची पट्टी सकाळी कोरी.
न्हाणीच्या जाळीवरची उलटी केली:
सतरा, अठरा,
एकोणिसावी अजून पाय हलवत होती.

जाळी उचलली.
काळा, लिबलिबीत थर,
माझी दाढी, तिचे केस, दोघांचा साबण,
आणि त्याच्याही खाली तांबूस, मऊ गाळ
जो आमचा नव्हता.
त्या साली दुधाळीत पाणी शिरलेलं,
गीझरखालच्या चौथ्या टाइलपर्यंत.
आम्ही घर धुतलं, रंग काढला, विसरलो.
मोरीनं तेवढं ठेवून घेतलं.

"घासायचा ब्रश कुठं असतो?"
"टाकीमागं, खिळ्याला.
दर शनिवारी तू झोपलास की घासायचे.
मग दोन पातेली कढत पाणी."

बारा वर्षं शनिवारी
ते पाणी ऐकून
मी कूस बदललेली.

घासलं. कोपरापर्यंत हात घालून घासलं.
खिडकीची आखडलेली काच
अस्लमनं बुक्की मारून उघडली
आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.
दुपारी फरशी कोरडी राहू लागली.
कसर कुठं गेली कुणास ठाऊक.
पट्टीवर सात, मग दोन,
मग एक दिवस माझाच केस.

पैसा मात्र येतो.
कालच्या पेपरावर घेऊन
खाली कुंडीत सोडतो,
तो शेअर बाजाराच्या पानावर गुंडाळून बसतो.

शनिवारी रात्री तिचा फोन.
"काय करतोयस?"
पाणी तापायला ठेवलंय, म्हणालो.
पलीकडं बराच वेळ काही नाही,
फक्त नळ गळतोय कुठला तरी.
मग म्हणाली,
"इथल्या भिंतीवर पण आहेत रे."

फोटो पाठव, म्हणालो.