डावा कोपरा

मुंजा रेंगेचा उजवा घोटा
मी जितक्या वेळा धरला असंल
तितक्या वेळा त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला नसंल.

मानवतला, जिनिंगच्या मागं, सरकीच्या ढिगाला लागून
आमचं मैदान.
फक्कीनं मारलेली मध्यरेषा वारा आला की पुसायची,
मग चढाईवरून आलेला माणूस आला का नाही
हे भांडून ठरायचं.

मी डावा कोपरा.
तो यायचा वाकून, जमिनीवर पडलेलं काही शोधत असल्यासारखा.
दम त्याचा बारीक, एकसुरी,
लांबच्या विहिरीवर मोटार चालू असावी तसा.
तो सूर हलला नाही तोवर कळायचं नाही
की माझ्या खांद्याला हात लागून गेलाय.

लिलाव आम्ही इस्माईलच्या हॉटेलात बघितला.
मुंजाचा चुलता म्हणाला, बेस प्राइस म्हंजे काय, हमीभाव का?
मी म्हणलं, तसंच समजा.
आकडा वर वर गेला. सव्वीस लाखांवर हातोडा पडला.
हॉटेलात बोंब उठली, कपबश्या फुटल्या,
चुलता मात्र खाली बघत म्हणाला,
आता त्याच्या तंगड्या जपाय लागतेल गड्या.

पहिल्या वर्षी एक्क्याण्णव गुण.
दुसऱ्या वर्षी एकशे त्रेचाळीस.
टीव्हीवर त्याचा पाय चार बाजूंनी, सावकाश दाखवायचे.
निळ्या मॅटवर सात जण त्याच्यावर पडायचे
आणि त्या ढिगातून एक हात निघायचा,
रेषेवर टेकायचा.
त्या हाताला मी इथून ओळखायचो.

मे महिन्यात तो गावाला आला.
बाहेर खेळायचं नाही, असं करारात लिहिलेलं.
रात्री अकराला हॅलोजन लावला, पोरं जमली.
म्हणाला, गफ्फार, एक चढाई होऊ दी.
मी म्हणलं, मपल्यानं नाही व्हायचं.
म्हणाला, धर तर खरं.

धरला. जुनाच घोटा, जुनीच पकड.
त्यानं सगळा जोर लावून पाय ओढला
आणि मला सव्वीस लाख आठवले.
बोटं ढिली पडली.

वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला.
एवढाच.
तो पालथा पडला होता आणि दम चालू होता,
कबड्डी, कबड्डी,
हात मातीवर सरकवत होता,
पण रेषा वाऱ्यानं कधीच नेलेली.
पोचलो का, म्हणाला.
मी म्हणलं, पोचला.

टीमला त्यानं सांगितलं, मोटारसायकल घसरली.
डॉक्टरनं गुडघ्यातली तुटलेली दोरी नवी बसवली, वर दोन स्क्रू.
तिसऱ्या वर्षी सात गुण.
बाकीचं वर्ष बाकड्यावर,
टॉवेल देताना एकदा टीव्हीत दिसला.
पुढच्या लिलावात त्याचं नाव पुकारलं.
कुणी पाटी उचलली नाही.
पुढचं नाव पुकारायला
जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.
सव्वीस वर्षांचा होता तेव्हा.

आता जिनिंगच्या काट्यावर बसतो,
गाड्या मोजतो. भरलेली एकदा, रिकामी एकदा.
पायरी उतरताना आधी उजवा पाय सोडतो,
थांबतो, मग डावा.
त्या रात्रीबद्दल आमच्यात शब्द नाही.
ईदला घरी येतो, शीरखुर्मा दोनदा मागून घेतो.

संध्याकाळी पोरींना शिकवतो.
परवा कोपऱ्यावरच्या सुमैयानं पाय धरला आन् भिऊन सोडला.
त्यानं खेळ थांबवला.
तिच्याजवळ गेला, खाली बसायला त्याला वेळ लागला.
म्हणाला, बाई, धरायचं तर पुरतं धर.
नसंल धरायचं तर हातच लावू नको.
जीव लावून अर्ध्यात सोडलं ना,
का मोडतंय.

माझ्याकडं बघितलं नाही त्यानं.
मी फक्कीचं घमेलं घेऊन
मध्यरेषा मारत होतो.
वारा नव्हता.
तरी एकदा मारलेल्या रेषेवरून
मी पुन्हा एकदा गेलो.