सांगायचं राहिलेलं

आधी मला नाणी दिसली.
घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात, सोमवारी,
एकोणसाठ नळ्यांमधली बावन्नावी,
तिच्यावर माझ्याच अक्षरात:
उरकुडा खोब्रागडे, ६७, पाठदुखी.
काचेवर थेंब ओढला, रंगवला, धुतला,
डोळा लावला
तर तांबड्या पेशी एकीला एक चिकटून,
किराणावाल्याच्या गल्ल्यातल्या चळतीसारख्या.
रक्तात प्रथिन वाढलं की अशा चळती लागतात.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चार मार्कांना.
बाबाचं नाव तेव्हा प्रश्नात नव्हतं.

नागपूरला कमरेच्या हाडातून मगज काढला.
डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर गोल काढले.
हा मोठा म्हणजे बिघडलेली पेशी.
हे भोवतीचे बारके, तिचे शेजारी. तसे चांगलेच,
पण तेच निरोप धाडत राहतात,
इंटरल्युकिन-सहा नावाचा.
एरवी जखम झाली, ताप आला, की हा निरोप फिरतो:
उठा, अंगात कोणी शिरलंय, हत्यारं घडवा.
काम झालं की थांबतो.
यांच्यात थांबत नाहीये.
ती शेजाऱ्यांना डिवचते, ते निरोप देतात,
निरोपावर ती जगते, वाढते, पुन्हा डिवचते,
आणि हाडं आतून पोकळ होत जातात.

बाबा एवढा वेळ पंख्याकडे बघत होता.
म्हणाला, "म्हंजे दवंडी हाय का वो बाई?"
त्या हसल्या. तसंच समजा.
"मंग पिटनारा नाई चुकला," बाबा म्हणाला,
"थांब म्हननारा कोनी आला नाई."

एकतीस वर्षं कोतवाली केली त्यानं.

आता आठवड्याला पोटात सुई,
आणि पांढऱ्या गोळ्या, दहाच्या दहा एकदम,
त्या निरोपाचा आवाज बसवतात
आणि माणसाची झोप उडवतात.
गोळ्यांच्या रात्री बाबा बोलतो.
हेला कितीला विकला, कोणत्या तलाठ्यानं चप्पल नेली,
आणि परवा, अडीच वाजता, मध्येच:

"त्या साली गॅस्ट्रो आला. सात जन गेले.
शाळेमागची हीर बंद, असा हुकूम. म्या डफडं पिटलं.
मंग पावडर टाकली, पानी तपासलं, साहेब म्हने चांगलं हाय.
पन खुली झाल्याचा कागद कचेरीतच रायला.
मले कोनी सांगतलं नाई.
म्याबी इचारलं नाई.
दोन उन्हाळे बाया वाघाडीवर गेल्या पान्याले.
तू पोटात होती तवा."

मी म्हटलं, झोप बाबा.
कूस बदलली तेवढ्यात माझाच डोळा लागला.

जाग आली ती डब्याच्या आवाजानं.
डफडं कधीचंच उंदरांनी खाल्लं होतं,
त्यानं तेलाचा रिकामा डबा घेतला होता,
कमरेला पट्टा, पायात माझी चप्पल,
आणि मारोतीच्या पारापाशी तोच जुना, लांबवलेला सूर:
"ऐका हो ऐका,
शाळेमागची हीर खुली हाये,
पानी पेवाले हरकत नाई होऽ"

कुत्री उठली. दोन-तीन दिवे लागले.
ठमाबाई पदर सावरत ओट्यावर आली.
"कोतवाल, ते हीर बुजवली ना बावा.
त्याच्यावर पंचायतीची टाकी हाय. नळ येते घरी."

"माहीत हाय," बाबा म्हणाला.
"सांगाचं रायलं होतं."

ती थोडा वेळ उभी राहिली.
मग म्हणाली, "बरं. आयकलं,"
आणि दिवा मालवला.

सोमवारच्या काचेवर चळती होत्याच.
मोजायची पद्धत नसते.
मी मोजल्या.